इमारतीच्या आगीतला धूर कसा वाचावा

आगीची खबर मिळून गाडी पोचली की बहुतेकांची नजर आधी ज्वाला शोधते. ज्वाला दिसली तर काय जळतंय आणि कुठे जळतंय ते कळतं. पण पुढच्या एक-दोन मिनिटांत ही खोली एकदम पेटणार आहे का, दार उघडल्यावर स्फोट होणार आहे का, छत किती वेळ टिकेल, याचा अंदाज धुरावरून येतो. जवान दगावतात किंवा भाजतात ते बहुधा याच एक-दोन मिनिटांत. म्हणून गाडीतून उतरल्यावर होज (पाण्याचा पाइप) ओढण्याआधीची पंधरा-वीस सेकंदं धुराला द्यावीत, असा आमचा आग्रह आहे.

हे टिपण नव्या फायरमनसाठी आणि नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा इथल्या कारखान्यांतल्या अग्निसुरक्षा पथकांसाठी आहे. बीए सेट (पाठीवरच्या सिलेंडरमधून श्वास घ्यायचं उपकरण), पूर्ण पोशाख आणि चालू पाण्याची होज याशिवाय यातलं काहीही जवळून करून पाहू नये. सोसायटीच्या लोकांनी एवढंच करावं: बाहेर पडावं, निघताना जळत्या खोलीचं दार ओढून घ्यावं आणि १०१ लावावा.

धूर हे इंधन आहे

धूर म्हणजे आगीचा उरलेला कचरा, ही समजूत आधी सोडावी. धुरात काजळी असते, तेलकट वाफा असतात आणि पेटू शकणारे वायू असतात. कार्बन मोनॉक्साइड हवेत १२.५ ते ७४ टक्के असेल तर पेटतो आणि त्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. फोमच्या गाद्या, सोफे, सिंथेटिक कापड यांतून निघणारा हायड्रोजन सायनाइड ५४० अंशांच्या आसपास पेटतो. धुरातल्याच ॲक्रोलिन या वायूला तर सव्वादोनशे अंश पुरतात. म्हणजे धूर पेटायला दोनच गोष्टी हव्यात: हवेशी योग्य मिश्रण आणि पुरेशी उष्णता किंवा एखादी ठिणगी. बंद खोलीत उष्णता असते, हवा कमी पडते. ती हवा बहुतेक वेळा आपणच दार उघडून देतो.

विषारीपणाचं सांगायचं तर हायड्रोजन सायनाइड ५० पीपीएमलाच (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) जिवावर बेततो, कार्बन मोनॉक्साइड १,२०० पीपीएमला. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. विरळ, फिकट धूर पाहून मास्क काढणं म्हणूनच धोक्याचं.

आणखी एक बदल लक्षात घ्यावा. सागवानी कपाट, कापसाची गादी, सुती चादर असलेली जुनी खोली आणि फोमचा सोफा, पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग, पार्टिकल बोर्डचं फर्निचर असलेली आजची खोली यांत फार अंतर आहे. अमेरिकेतल्या तुलनात्मक चाचण्यांत जुन्या पद्धतीची खोली संपूर्ण पेटायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. नव्या पद्धतीच्या खोलीला पाच मिनिटंही लागली नाहीत. आपण पोचतो त्या वेळी बऱ्याचदा आग विझायला आलेली नसते, हवेअभावी दबून बसलेली असते.

कुठे उभं राहून पाहायचं

वाटेतच पाहायला सुरुवात करावी. धुराचा स्तंभ सरळ वर जातोय की वाकलाय, यावरून वारा कळतो. मे महिन्यात दुपारी पश्चिमेकडून गरम वारा असतो आणि संध्याकाळी वादळ उठलं तर काही मिनिटांत दिशा बदलते. वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीतून धूर बाहेर येत नाही, आत दाबला जातो आणि मागून निघतो. रस्त्यावरून शांत दिसणारी इमारत मागच्या बाजूने ओकत असते ती यामुळे.

शक्य असेल तर गाडी इमारतीच्या थोडी पुढे नेऊन उभी करावी, म्हणजे येताना तीन बाजू दिसतात. नंतर अधिकाऱ्याने पायी पूर्ण फेरी मारावी. इतवारी, महाल, गांधीबाग इथल्या बोळांत हे जमत नाही. घरं पाठीला पाठ लावून उभी असतात. तिथे एक जवान शेजारच्या गच्चीवर पाठवावा. शेजाऱ्याला विचारायचे प्रश्नही ठरलेले असावेत: "भाऊ, वर जायला जिना कुठून आहे? आत कोणी आहे का? सिलेंडर किती, कुठे?" गच्चीवरून मागची बाजू, कवेलूंतून (छताच्या कौलांतून) झिरपणारा धूर आणि जिन्याचं वरचं दार एका नजरेत येतं.

वेग: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

धुराची मात्रा, वेग, दाटपणा आणि रंग या चार गोष्टी पाहायच्या. शिकवताना बहुतेक जण रंगापासून सुरू करतात, कारण तो पटकन दिसतो. आमच्या मते रंग शेवटी. पहिला मान वेगाला.

उघड्या जागेतून धूर बाहेर येताना त्याला ढकलणाऱ्या गोष्टी दोन. एक, आतली जागा धुराने भरली आणि जास्तीचा धूर सांडतोय. दुसरी, आतली उष्णता वायू फुगवतेय. तीस अंशांची हवा ६०० अंशांपर्यंत तापली तर तिचं आकारमान जवळपास तिप्पट होतं आणि त्याच खोलीत मावत नाही. दोन्ही ओळखायचे तर धूर बाहेर पडल्यानंतरचा पहिला दीड-दोन मीटर पाहावा. सांडणारा धूर बाहेर येताच मंदावतो, इकडेतिकडे पसरतो. उष्णतेने ढकललेला धूर बाहेर आल्यावरही जोरात वर चढत राहतो आणि बराच वर जाऊन मंदावतो. आग जवळ आहे, असं हा दुसरा धूर सांगतो.

मग प्रवाहाचा पोत. धूर सपाट, सलग पट्ट्यासारखा निघत असेल तर खोलीच्या भिंती, स्लॅब, सामान अजून उष्णता शोषून घेताहेत. थोडा वेळ हातात आहे. धूर खदखदत, गुंडाळ्या मारत, फुलकोबीच्या गड्ड्यांसारखा फुगत बाहेर येत असेल तर खोलीने उष्णता घ्यायचं थांबवलंय. आता तयार होणारी सगळी उष्णता धुरातच राहते. असा दाट, खदखदणारा धूर दिसला की ज्वाला एकही दिसत नसली तरी खोली काही सेकंदांत पेटेल असं धरूनच वागावं.

तुलना करताना मात्र सारख्याशी सारखं तोलावं. उघड्या दारातून येणारा धूर नेहमीच संथ दिसणार आणि फटीतून येणारा वेगवान. नुसतं ते पाहून आगीची जागा ठरवली तर चूक होते. फ्लॅट स्कीममध्ये एकाखाली एक बाथरूमचे व्हेंटिलेटर असतात, सगळे एकाच मापाचे. त्यांतल्या कोणत्या व्हेंटिलेटरमधून धूर सगळ्यात जोरात येतोय ते पाहावं. दुकानांच्या रांगेत प्रत्येक शटरच्या वरच्या पेटीची फट सारखीच असते, तिथेही हेच. सारख्या फटींपैकी जिथे वेग सर्वाधिक, तिथून आग सर्वांत जवळ. होज कोणत्या दारातून न्यायची ते यावर ठरवावं. सगळ्यात जास्त धूर कुठून निघतो हा निकष फसवा आहे, कारण धूर जिन्याने, डक्टने फिरून भलतीकडेच जास्त निघू शकतो.

मात्रा आणि दाटपणा

मात्रा इमारतीच्या आकाराशी ताडून पाहावी. पानटपरीला भरायला एक जळती खुर्ची पुरते. तेवढाच धूर कळमन्याच्या मोठ्या गोडाऊनच्या सगळ्या झरोक्यांतून निघत असेल, तर आतली हजारो घनमीटर जागा आधीच भरली आहे. मात्रेवरून एवढंच समजतं. बाकी तपशील वेग आणि दाटपणा देतात.

दाटपणा म्हणजे हवेत किती इंधन तरंगतंय त्याचं माप. धुरातून पलीकडची भिंत दिसते का, टॉर्चचा झोत किती फूट आत जातो, हे पाहावं. झोत फूटभरात संपत असेल तर धूर पेटायला मालाची कमतरता नाही. असा दाट धूर जमिनीपर्यंत उतरलेला असेल तर बीए सेटशिवाय आत असलेला माणूस जगण्याची शक्यता फार कमी उरते. शोधाचा क्रम लावताना हे कठोर गणित करावंच लागतं: विरळ धुराच्या, दार बंद असलेल्या खोल्या आधी.

दाट धूर संथ असला तरी निर्धास्त होऊ नये. आगीपासून लांबच्या खोलीत, पोटमाळ्यावर, फॉल्स सीलिंगच्या वर तो थंड होऊन साठतो, हवेत चांगला मिसळतो आणि पेटण्याजोग्या मिश्रणात येतो. मग एखादी ठिणगी, स्विच, खालून वर आलेली ज्वाला, आणि ती खोली स्फोटासारखी उडते. आग एका खोलीत आणि धमाका दुसऱ्या, असं होतं त्याचं कारण हेच.

रंग: शेवटी आणि सावधपणे

पांढरा धूर सुरुवातीला येतो, कारण वस्तू तापताना आधी ओलावा जातो. पण फटींतून, विटांच्या सांध्यांतून, लांबवरून गाळत आलेला काळा धूरही काजळी मागे ठेवून पांढरट होतो. म्हणून संथ पांढरा म्हणजे बहुधा सुरुवात, आणि जोरात येणारा पांढरा म्हणजे आत कुठेतरी खोलवर मोठी आग. पाणी मारल्यानंतर येणारी वाफही पांढरीच. पण वाफ काही मीटरांत विरते, धूर हवेत टिकून राहतो.

तपकिरी धूर रंग-पॉलिश नसलेलं लाकूड तापत असल्याचं सांगतो. फर्निचर बहुधा रंगवलेलं किंवा सनमायका लावलेलं असतं, उघडं लाकूड असतं ते छताचं. म्हणून महालातल्या जुन्या वाड्याच्या वळचणीतून तपकिरी धूर येऊ लागला की आग सामानातून निघून तुळयांत पोचली असं समजावं आणि छताखाली माणूस ठेवू नये.

काळा धूर प्लास्टिक, रबर, फोम, तेल यांचा, किंवा ज्वालेच्या अगदी जवळचा. काळा, विरळ आणि वेगवान असेल तर ज्वाला जवळच आहे आणि तिला हवा मिळतेय. काळा, दाट आणि खदखदणारा असेल तर आत जाऊ नये. पिवळसर-करडा धूर बारीक फटींतून दाबाने येत असेल तर हवेअभावी दबलेल्या आगीचा संशय घ्यावा.

दुपारच्या पांढऱ्या आकाशापुढे कोणताही धूर काळा वाटतो आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली सगळाच तपकिरी. रात्री रंगावर निर्णय घ्यायचाच असेल तर गाडीच्या पांढऱ्या सर्चलाइटखाली पाहावा.

दारातला थर

दार उघडं असेल तर वरून धूर बाहेर जातो, खालून हवा आत येते आणि दोघांमध्ये एक सीमा दिसते. ती सीमा वर असेल तर आग लहान किंवा नवी. गुडघ्यापर्यंत आली असेल तर उशीर झालाय. पण ती कुठे आहे त्यापेक्षा कुठे सरकतेय ते महत्त्वाचं. झपाट्याने खाली येत असेल तर खोली पेटायला आली. एकदम वर गेली तर कुठेतरी काच फुटली किंवा कोणी दार उघडलं. कुठे ते रेडिओवर लगेच विचारावं.

संपूर्ण दार भरून धूरच बाहेर येत असेल, खाली हवेला जागाच नसेल, तर ते दार धुराचा बाहेर जायचा मार्ग आहे आणि हवा दुसरीकडून येतेय. जळत्या खोलीच्या वरच्या मजल्यावर जिन्यात उभे असाल तर तुम्ही चिमणीत उभे आहात. खालचं दार ओढून ठेवायला माणूस नेमावा. दारावर एक माणूस ठेवून ते होजपुरतंच उघडं ठेवणं, एवढ्यानेही आगीची हवा बरीच कमी होते.

एकदम पेटणारी खोली आणि बंद खोलीचा स्फोट

हे दोन धोके वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. पहिला फ्लॅशओव्हर: वरच्या धुराचा थर ५०० ते ६०० अंशांवर गेला की त्याच्या धगीने खालच्या सगळ्या वस्तू एकाच वेळी पेटतात. आधीची खूण म्हणजे दाट धूर खदखदू लागतो, थर खाली उतरतो, धुरात मधूनच ज्वाला पेटून विझतात आणि जमिनीवरच्या, आगीपासून लांबच्या वस्तूंतूनही वाफा निघू लागतात. शेवटची खूण दिसेपर्यंत थांबलात तर परतायला वेळ उरत नाही.

उपाय: धूर थंड करा. दारात वाकून मल्टिपर्पज ब्रँचने (होजच्या तोंडाची, धार किंवा फवारा देणारी तोटी) वरच्या थरात एक-दोन सेकंदांचा छोटा फवारा मारावा आणि ऐकावं. थेंब खाली परत पडले तर थर फार तापलेला नाही. चर्र आवाज होऊन काहीच खाली आलं नाही तर वर प्रचंड उष्णता आहे. थंड करत करतच पुढे सरकावं किंवा बाहेर यावं. फवारा लांबवू नये. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,७०० पट होतं आणि ती वाफ जवानालाच भाजते.

खिडकीतून धूर खदखदत असेल आणि आत जायचा मार्ग लांब असेल, तर बाहेरून सरळ धार तिरक्या कोनात खिडकीतून छतावर मारावी, १५ ते ३० सेकंद, ब्रँच फारशी न हलवता. फवारा उघडून खिडकी भरून टाकू नये. तसं केलं तर धुराची वाट बंद होते, फवारा सोबत हवाही आत ओढतो आणि आग घरात दुसरीकडे सरकते.

दुसरा धोका बॅकड्राफ्ट. आग हवेअभावी दबलेली असते, खोली पेटू शकणाऱ्या गरम धुराने भरलेली असते आणि कोणीतरी दार उघडतं. खुणा: ज्वाला नाही किंवा फार कमी, काचा आतून काळ्या, तेलकट, हात लावता येणार नाही इतक्या तापलेल्या, फटींतून धूर भपकन येतो, थांबतो, परत आत ओढला जातो, जणू इमारत श्वास घेतेय, कधी हवा आत खेचली जाण्याचा शिट्टीसारखा आवाज. रात्री बंद झालेलं कापडाचं दुकान, शटर पूर्ण खाली, मागे खिडकी नाही, ही याची नेहमीची जागा. इतवारी-गांधीबागेत असे गाळे रांगेने आहेत.

अशा ठिकाणी शटर सरळ वर उचलू नये. समोर कोणी उभं राहू नये. दोन्ही बाजूंना, भिंतीच्या आडोशाने राहावं. आधी होज भरून तयार ठेवावी, शेजारच्या गाळ्यांत आणि वरच्या मजल्यावर माणसं नाहीत याची खात्री करावी. छप्पर टिनाचं किंवा कवेलूचं असेल तर उंचावर, शिडीवरून किंवा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मवरून धुराला वाट करून द्यावी. वर स्लॅब असेल तर ते शक्य नसतं. मग कटरने शटरला वरच्या बाजूला ब्रँचचं तोंड जाईल एवढंच भोक पाडावं. भोकातून हवा आत ओढली जात असेल तर संशय पक्का. त्याच भोकातून फवारा मारून आत थंड करावं, थांबावं, पुन्हा पाहावं.

दार उघडल्यावर लगेच काही झालं नाही म्हणून धोका टळला असं नसतं. थंड हवा जमिनीलगत आत सरकते आणि आतल्या निखाऱ्यापर्यंत पोचायला मोठ्या गाळ्यात मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. जवान दुकानाच्या मध्यावर असताना स्फोट होतो तो या उशिरामुळे.

नागपूरच्या इमारतींत काय वेगळं

सगळ्यात आधी कूलर. मार्च ते जून इथल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या खिडकीत डेझर्ट कूलर असतो आणि तो चालू असेल तर खोलीत पंख्याने हवा दाबली जातेय. धूर दुसऱ्या खिडकीतून जोरात येतो आणि आपल्याला वाटतं उष्णता प्रचंड आहे. प्रत्यक्षात निम्मा वेग कूलरचा असतो. उलट शेजारच्या खोलीतल्या कूलरमुळे धूर दाबून धरला जातो आणि आग आहे त्यापेक्षा लहान भासते. मीटरवरून वीज तोडावी, अर्धा मिनिट थांबावं आणि धूर पुन्हा पहिल्यापासून वाचावा. कोरड्या पडलेल्या वुडवूल किंवा खसच्या ताट्या पटकन पेटतात. फायबर बॉडीचा कूलर वितळून खाली पडला की खिडकीत एकदम मोठं भोक पडतं आणि आगीला हवा मिळते. खिडकीखाली कोणी उभं राहू नये ते या दोन्ही कारणांनी.

बाहेर ४५ अंश आणि आत २४ अंश, अशा एसी लावलेल्या उंच इमारतीत, मॉलमध्ये, रुग्णालयात उलटाच प्रकार होतो. आतली थंड, जड हवा डक्ट आणि जिन्यातून खाली उतरते आणि आगीपासून लांब गेलेला, थंडावलेला धूर तिच्याबरोबर खालच्या मजल्यांवर दिसतो. दुसऱ्या मजल्यावर धूर म्हणून आग दुसऱ्या मजल्यावर असं उन्हाळ्यात धरू नये. फायर अलार्मच्या पॅनेलवर कोणत्या मजल्याचा डिटेक्टर आधी वाजला ते विचारावं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धूर बाहेर येताच थंड होतो, पांढुरका होतो आणि गल्लीत खाली पसरतो. तो थकलेला वाटला तरी खिडकीच्या तोंडाशी त्याचा वेग पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

जुन्या वाड्यांत आग पोकळ्यांतून फिरते: पोटमाळा, लाकडी पाटण, भिंतीतलं कपाट. तुळईचं टोक भिंतीत जिथे बसतं तिथून धूर येत असेल तर तुळईचा आधारच जळतोय. भिंतीच्या नव्या भेगेतून धूर येत असेल तर तो कोसळण्याचा इशारा समजून भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरावर माघार घ्यावी.

टिनाच्या शेडमध्ये लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) असतात. लोखंड साधारण ५५० अंशांना निम्मी ताकद गमावतं. दहा मीटरचा गर्डर ५०० अंशांनी तापला तर सहा सेंटिमीटरच्या आसपास लांबतो आणि भिंतीला बाहेर ढकलतो. शेडच्या माथ्यावरून, पत्र्यांच्या सांध्यांतून धूर खदखदत असेल तर कैच्या त्याच उष्णतेत उभ्या आहेत.

कळमन्यात मिरचीच्या गोडाऊनचा धूर रस्त्यापलीकडच्या माणसालाही खोकवतो. त्यावरून आगीचा आकार ठरवू नका, पण बाहेर पंप चालवणाऱ्यालाही मास्क द्या. कोल्ड स्टोरेजच्या भिंतींत पफ पॅनेल असतात. आग दोन पत्र्यांच्या मधल्या फोममध्ये शिरली की बाहेरून पत्रा शाबूत दिसतो आणि पॅनेलच्या सांध्यांतून पिवळसर, दाट धूर दाबाने येतो. त्या वेळी आत कोणी राहू नये. अमोनियाचा वास आला तर प्लांटच्या ऑपरेटरला शोधणं हे पहिलं काम.

कापूस वेगळा वागतो. गाठींतून कमी, करडा, आळशी धूर येतो आणि आत निखारा तासन्‌तास खोल जात असतो. पाणी वरच्या थराच्या आत शिरत नाही. गाठी फोडून, पसरूनच विझवाव्या लागतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई बंदरात फोर्ट स्टिकिन जहाजावरही आग कापसाच्या गाठींत लागली होती. त्याच जहाजात स्फोटकं होती. त्या दिवशी ६६ अग्निशमन जवान गेले आणि म्हणून १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आहे. धूर कमी असला तरी शेजारी काय ठेवलंय हे विचारायलाच हवं.

पार्किंगमधल्या ई-स्कूटर आणि ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांतून निघणारा जमिनीलगतचा पांढरा ढग वाफ समजू नये. त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इलेक्ट्रोलाइटच्या वाफा असतात. बंद बेसमेंटमध्ये तो साठला तर स्फोट होतो.

पाणी सुरू झाल्यावर

वाचन तिथे थांबत नाही. पाणी योग्य जागी पडत असेल तर मिनिटभरात धूर फिकट होतो, मंदावतो, वाफ मिसळते. तसं होत नसेल तर धार आगीपर्यंत पोचत नाही. ब्रँचची जागा बदला, नुसता दाब वाढवू नका. खिडकीतला धूर फिकट झाला पण वळचणीतला गडद आणि वेगवान होत असेल तर आग पोकळीत गेली आहे. आतल्या पथकाला हे दिसत नाही, म्हणून बाहेर एका अधिकाऱ्याने फक्त धूरच पाहत राहावं आणि रेडिओवर तीन गोष्टी सांगाव्यात: कुठे, कसा, आधीपेक्षा काय बदललं. "पश्चिम बाजू, दुसरा मजला, डावी खिडकी. काळा, दाट, खदखदतोय. दोन मिनिटांपूर्वीपेक्षा वेग वाढलाय. पथक बाहेर या." एवढं पुरे. "खूप धूर आहे साहेब" या वाक्याने आतल्याला काहीच कळत नाही.

सरावासाठी आगींचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहावेत, दहा सेकंदांनी थांबवावेत आणि पुढे काय होणार ते प्रत्येकाने बोलून दाखवावं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि १९५७ पासून आपल्या शहरात आहे. तिथून शिकून आलेले अधिकारी जवळ असतील तर अशा सरावाला त्यांना जरूर बसवावं.

आग विझल्यावर ढिगारा उपसताना धूर जवळजवळ दिसत नाही आणि तेव्हाच मास्क उतरतात. गरम राखेतून, भिजलेल्या फोममधून कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड निघतच असतात. गॅस मीटरवर कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमच्या खाली स्थिर राहिला आणि सायनाइडचा आकडाही शून्याजवळ आला की मगच बीए सेट उतरवावा. मीटर नसेल तर काम संपेपर्यंत तो चढवलेलाच ठेवावा, सिलेंडर बदलत. स्विचबोर्डमागे, दाराच्या चौकटीत, फॉल्स सीलिंगच्या कडेला एखादी बारीक धुराची रेघ उरली आहे का ते थर्मल कॅमेऱ्याने तपासावं. कॅमेरा नसेल तर हातमोजा काढून हाताची पालथी बाजू भिंतीजवळ न्यावी, आणि धग लागली तिथे प्लास्टर फोडून पाहावं.